शाळामास्तर ते एशियाडचं सोनं : रहीमसाहेबांची गोष्ट

वसई : पाऊस सुरू झाला की वसईच्या किनारपट्टीच्या गावांत क्रिकेटच्या बॅटी घरात जातात आणि फुटबॉल बाहेर निघतो. चिखलात पडायचं, उठायचं, पुन्हा पळायचं. या पोरांना मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे यांची जन्मतारीखसुद्धा पाठ असते. पण भारताने फुटबॉलमध्ये एशियाडचं सोनं एकदा नव्हे, दोनदा जिंकलंय आणि दोन्ही वेळा कोच एकच होता, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. २०२४ मध्ये अजय देवगणचा ‘मैदान’ आला तेव्हा थोड्यांना नाव कळलं. सय्यद अब्दुल रहीम, खेळाडूंचे रहीमसाहेब.

११ जून ही त्यांची पुण्यतिथी. १९६३ साली ते गेले. सिनेमात त्यांचं आयुष्य तीन तासांत बसवलंय, त्यामुळे बऱ्याच गोष्टी बाहेर राहिल्या. विशेषतः ते मूळचे कोण होते ही गोष्ट. ते पेशाने शाळामास्तर होते.

जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. तेव्हा तिथे निजामाचं राज्य. आपला मराठवाडा, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे, त्याच राज्यात होते आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिले. म्हणजे रहीमसाहेबांची जी हैदराबाद टीम देशभर गाजली, ती कागदावर मराठवाड्याचीही टीम होती. हे आज कोणाच्या लक्षात नाही.

रहीम उस्मानिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. पदवी घेतली आणि हैदराबादच्या शाळांमध्ये शिकवायला लागले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका केली आणि शाळेच्या खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. सोप्या भाषेत, पीटीचे मास्तर. आपल्याकडे पीटीच्या मास्तरला शाळेत किती किंमत देतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताला जातो. तर असा एक पीटीचा मास्तर पुढे देशाचा कोच झाला.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मरेपर्यंत, म्हणजे २० वर्षं, ते काम सोडलं नाही. मैदान मिळवणं, स्पर्धा भरवणं, शाळांच्या टीम उभ्या करणं, सगळं. सोबत हैदराबाद सिटी पोलीसच्या टीमचं कोचिंग.

डाव्या पायाची शाळा

त्यांची शिकवण्याची पद्धत मास्तरचीच होती. पोराला काय येतंय यापेक्षा काय येत नाही, ते आधी बघायचं.

गावातल्या कुठल्याही मॅचला उभे राहा. ज्याच्याकडे बॉल जातो तो मान खाली घालतो आणि एकटाच पळत सुटतो. दोघांना चकवतो, तिसऱ्याकडे बॉल हरवतो आणि मग साथीदारांवर ओरडतो. रहीमसाहेबांनी यावर उपाय काढला. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या जिथे ड्रिबलिंगलाच बंदी. बॉल आला की लगेच पास द्यायचा. आता पास द्यायचा तर आपला माणूस कुठे आहे ते बॉल यायच्या आधीच बघून ठेवावं लागतं. म्हणजे मान आपोआप वर येते. भाषण न देता सवय लागली.

दुसरी गोष्ट पायाची. उजव्या पायाने खेळणारा सगळं उजव्यानेच करतो. समोरच्याला दहा मिनिटांत ते कळतं आणि तो तीच बाजू अडवून धरतो. म्हणून रहीमसाहेब कमजोर पायाने खेळायला लावायचे. बलवान पाय वापरायचाच नाही. पहिले काही दिवस सगळे हसण्यावारी जायचे, बॉल भलतीकडेच जायचा. नंतर दोन्ही पाय चालायला लागायचे. याला ना जिम लागते ना परदेशी ट्रेनर. आजही कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात हे करता येईल.

या पोलीस टीमने मुंबईत जे केलं ते ऐकून आजही विश्वास बसत नाही. मुंबईची रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची जुनी स्पर्धा. अंतिम सामने कूपरेज मैदानावर व्हायचे, चर्चगेटला लोकलमधून उतरून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा कप हैदराबाद पोलीसने नेला. एकाही वर्षी दुसऱ्याच्या हाती लागू दिला नाही. नंतर १९५६-५७ आणि १९५७-५८ ला हैदराबादने संतोष ट्रॉफीही जिंकली. दोन्ही फायनलमध्ये समोर मुंबई होती आणि दोन्ही वेळा मुंबई हरली.

यात पोटाचा भाग विसरून चालत नाही. त्या काळी फुटबॉल खेळून पगार मिळत नव्हता. आयएसएलसारखे करार नाहीत, बोली नाही. पोलीस, रेल्वे, लष्कर, टाटा अशा ठिकाणी नोकरी लागली तर खेळाडूची चूल पेटायची. हैदराबाद पोलीसची टीम मजबूत होती त्यामागे हेही कारण होतं. पोराला घरून खेळू नको म्हणायचं कारण उरत नव्हतं.

अनवाणी पाय आणि दहा गोल

१९५१ मध्ये पहिलं एशियाड दिल्लीत झालं. भारताच्या फुटबॉल टीमचे कोच रहीमसाहेब, कप्तान शैलेन मन्ना. फायनलमध्ये इराणला १-० ने हरवलं, गोल साहू मेवालालचा. देशाचं फुटबॉलमधलं पहिलं मोठं सोनं. सगळीकडे कौतुक झालं.

पुढच्याच वर्षी, १९५२ ला, हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ ने धुतलं.

दहा गोल! काय झालं होतं? एक तर थंडी. दुसरं म्हणजे आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. भारतात तेव्हा अनवाणी खेळणं ही मोठी गोष्ट समजली जायची. आपल्या कोरड्या मैदानावर ते चालून जायचं, पण तिकडच्या ओल्या, गार गवतावर समोरचा स्टडचे बूट घालून आलेला. ज्याने पावसाळ्यात भाताच्या बांधावरून अनवाणी पळून पाहिलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. तिसरं, आपल्याकडचे सामने ९० मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असायचे, त्यामुळे पूर्ण वेळ पळायचा दमच नव्हता. चौथं, खेळायची रचना जुनी. मागे दोनच बॅक आणि पुढे पाच फॉरवर्ड. जगाने ही रचना केव्हाच सोडली होती.

अशा हरण्यानंतर कोच साधारण दोनपैकी एक करतो. खेळाडूंवर खापर फोडतो, नाहीतर राजीनामा टाकतो. रहीमसाहेबांनी दोन्ही केलं नाही. त्या पराभवानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांनी रचना बदलायला घेतली. आधी मागे तिसरा बॅक आणला. मग हंगेरीची टीम काय करतेय ते पाहून मधल्या फॉरवर्डला थोडा मागे ठेवून खेळवायला लागले. समोरच्या बॅकला कळतच नाही की याच्यामागे जायचं की जागेवर थांबायचं. पुढे १९५८ च्या वर्ल्डकपमध्ये ब्राझीलने ४-२-४ गाजवली. मागे चार, मध्ये दोन, पुढे चार. रहीमसाहेब आम्हाला ही पद्धत त्याच्याही आधी शिकवत होते, असं त्यांचे खेळाडू म्हातारे होईपर्यंत सांगत राहिले.

हे सोपं नव्हतं. देशाच्या फुटबॉलचा कारभार कलकत्त्यात. तिथले मोठे क्लब, तिथले पेपर, तिथली मतं. त्यात हैदराबादचा एक शाळामास्तर येऊन सांगणार की तुम्ही आजवर खेळत आलात ते चुकीचं. विरोध झालाच. पण कोणाशी भांडत बसण्यापेक्षा त्यांनी मैदानावर निकाल दाखवला.

एक रुपया रोज

माणूस ओळखायची त्यांची नजर कशी होती, त्याची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. सिकंदराबादजवळ अम्मुगुडा नावाचं गाव. तिथला तुळशीदास बलराम हा गरीब घरातला तमिळ मुलगा. त्याचा खेळ रहीमसाहेबांनी पाहिला आणि त्याला सरावाला हैदराबादला बोलावलं. मुलगा म्हणाला, यायला पैसे नाहीत. रहीमसाहेबांनी रोजचा एक रुपया स्वतःच्या खिशातून द्यायला सुरुवात केली. भाड्याची सायकल घे आणि ये.

बलराम त्या सायकलवरून यायला लागला. १९५६ ला तो हैदराबादकडून खेळला आणि त्याच वर्षी थेट मेलबर्न ऑलिम्पिकला भारताकडून गेला. पुढे बलराम, चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी हे तिघं भारतीय फुटबॉलचं त्रिकूट म्हणून ओळखले गेले. २०२३ मध्ये बलराम वारले. आपल्या तालुक्यांत असे किती बलराम एसटीच्या तिकिटासाठी थांबले असतील, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. मूळ गोव्याचा, मुंबईत टाटाकडून खेळणारा हा गडी. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सेमीफायनलला पुन्हा युगोस्लाव्हिया समोर. या वेळी ४-१. हरलो, पण चार वर्षांपूर्वीचे दहा गोल आठवा म्हणजे फरक कळेल. तिसऱ्या जागेच्या सामन्यात बल्गेरियाने हरवलं आणि भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये भारताची ती आजवरची सर्वांत वरची जागा.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गट कठीण मिळाला. हंगेरी, फ्रान्स, पेरू. हंगेरीशी २-१ ने हरलो. फ्रान्सविरुद्ध पी. के.च्या गोलने पुढे होतो, शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी बरोबरी केली. पेरूशीही हरलो. त्या टीममध्ये रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम होता. बापच कोच. तरी त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. गावच्या टीममध्ये सरपंचाचा पुतण्या कायम ओपनिंगला येतो हे पाहिलेल्यांना या गोष्टीचं मोल कळेल. हकीम पुढे हवाई दलात गेले, आंतरराष्ट्रीय रेफ्री झाले आणि वडिलांबद्दल आयुष्यभर आदरानेच बोलत राहिले. रोमनंतर भारत फुटबॉलसाठी ऑलिम्पिकला पोहोचलेला नाही.

जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२

१९६२ चं एशियाड इंडोनेशियात जकार्ताला होतं. तोवर रहीमसाहेबांची तब्येत बिघडली होती. फुप्फुसाचा कर्करोग. तरी ते गेले.

सुरुवातच पराभवाने झाली. दक्षिण कोरियाने २-० ने हरवलं. पुढच्या सामन्यात थायलंडला ४-१ ने हरवलं खरं, पण बचावाचा मुख्य खांब जर्नेल सिंग याचं डोकं फुटलं. टाके पडले. जपानला २-० ने हरवून भारत सेमीफायनलला गेला. आता अडचण अशी की जर्नेलला मागे बॅकला खेळवायचं तर सतत उड्या, सतत टक्कर. आणि बाहेर बसवायचं तर टीमचा कणाच गेला.

रहीमसाहेबांनी जर्नेलला बॅकवरून उचलून थेट पुढे, गोल मारायला उभा केला. अनेकांना वाटलं असेल म्हातारा चळला. पण जर्नेल कॉलेजच्या दिवसांत फॉरवर्ड खेळायचा हे त्यांना माहीत होतं. खेळाडूचा मागचा सगळा हिशोब डोक्यात असणं, याला कोचिंग म्हणतात. मागे जर्नेलची जागा अरुण घोषने सांभाळली. डोक्याला टाके असलेल्या जर्नेलने सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला. भारत ३-२ ने जिंकला.

मैदानाबाहेर वातावरण वेगळंच तापलेलं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. भारताचे क्रीडा अधिकारी जी. डी. सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. त्याने तिथले लोक भडकले. फायनलच्या आदल्या दिवशी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. खेळाडूंनी काहीच केलं नव्हतं, पण राग त्यांच्यावर निघायला लागला. बसमध्ये खाली वाकून बसून प्रवास करायची वेळ आली.

फायनलच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना जवळ बोलावलं. त्या रात्रीची आठवण पी. के., चुनी, बलराम सगळ्यांनी नंतर सांगितली. फार लांबड लावली नाही. उद्या मला एक भेट द्या, सोन्याचं पदक द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. जो माणूस आयुष्यभर खेळाडूंना देत आला होता, त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

आणखी एक निर्णय त्यांनी घेतला. गोलकीपर पीटर थंगराज तापाने आजारी होता, त्याच्या जागी प्रद्युत बर्मन खेळत होता आणि चांगला खेळत होता. फायनलला रहीमसाहेबांनी थंगराजला परत आणलं. उंचापुरा गडी, अनुभवी. कोरियाचे उंच बॉल त्याच्या हातात येतील हा हिशोब. बर्मनला किती वाईट वाटलं असेल. पण असे निर्णय गोड बोलून घेता येत नाहीत, कोणाला तरी दुखवावंच लागतं.

४ सप्टेंबर. स्टेडियम लाखाच्या आसपास प्रेक्षकांनी भरलेलं आणि जवळपास सगळं भारताच्या विरोधात. आपल्या बाजूने ओरडणारे मूठभर. त्यात पाकिस्तानच्या हॉकी टीमचे खेळाडू होते! ऐकायला नवल वाटतं, पण त्या दिवशी परक्या मुलखात त्यांनी भारताला आवाज दिला.

समोर पुन्हा तीच दक्षिण कोरिया, जिने पहिल्या सामन्यात हरवलं होतं. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीचा गोल. विसाव्या मिनिटाला जर्नेलचा गोल, तोच टाके घातलेला जर्नेल. मग तासभर नुसता बचाव. मागे चंद्रशेखर, त्रिलोक सिंग, अरुण घोष, मध्ये आपल्या गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको. शेवटची पाच मिनिटं उरली असताना कोरियाने एक गोल फेडला. दुसरा थंगराजने होऊ दिला नाही. भारत २-१. कप्तान चुनी गोस्वामीच्या टीमने मास्तरला मागितलेली भेट दिली.

स्वतःचा हिशोब

परत आल्यावर रहीमसाहेब खाटेला लागले. नऊ महिन्यांत, ११ जून १९६३ ला, हैदराबादमध्ये गेले. वय अवघं ५३.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. शाळा, असोसिएशन, पोलीस टीम आणि देशाची टीम, अशी चार-चार ओझी हा एक माणूस वाहत होता. आज एका टीमला हेड कोच, असिस्टंट कोच, फिजिओ, डॉक्टर, आहार सांगणारा असा ताफा असतो. रहीमसाहेबांकडे शिट्टी होती आणि वही होती. कोणता खेळाडू कुठे दमतो हे त्यांना अचूक कळायचं, स्वतःच्या शरीराचं मात्र तसं ऐकलं नाही. हैदराबादचं कामही त्यांनी फार एकट्यानेच उचललं. ते गेल्यावर ते ओझं घ्यायला तयार केलेला दुसरा माणूस नव्हता. जी टीम सलग पाच वर्षं मुंबईतून कप घेऊन जायची, ती पुढे मागे पडत गेली. हैदराबादचं फुटबॉल पुन्हा त्या उंचीवर गेलं नाही. मोठ्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण आपल्याकडे मंडळं, पतसंस्था, भजनी मंडळसुद्धा एका माणसावर चालतात आणि तो गेला की कुलूप लागतं, हे आपण रोज बघतो.

सन्मानाच्या बाबतीत सरकारकडून त्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. कोचना मिळणारा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. कूपरेजवरची ती रोव्हर्स कपही २००१ च्या सुमारास बंद पडली.

मात्र त्यांनी घडवलेली माणसं मैदान सोडून गेली नाहीत. जकार्तात पहिला गोल करणारे पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः कोच झाले. १९७० च्या बँकॉक एशियाडला ते भारतीय टीमसोबत गेले, तेव्हा कप्तान होता हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन, तोही हैदराबाद पोलीसच्या टीममधून वर आलेला. तिसऱ्या जागेच्या सामन्यात त्यांनी जपानला १-० ने हरवलं आणि कांस्य आणलं. एशियाडमध्ये भारतीय पुरुष फुटबॉल संघाला मिळालेलं ते शेवटचं पदक.